निळ्या पिशवीवरची दुहेरी टीप

सुमे, तुझं तेरावं झालं आणि तिसऱ्या दिवशी दमयंतीबाई तुझी वही मागायला आली.

चारचौघांत मी तुला वन्सं म्हणायची, अहो-जाहो करायची, तू माझ्याहून दोन वर्षांनी लहान असून. नवऱ्याच्या बहिणीला तसंच बोलायचं असतं. दोघीच असलो की मग सुमे. हे लिहिलेलं पुष्कळजणी वाचणार आहेत, पण आता मला वन्सं म्हणवत नाही. चालवून घे.

दमयंतीबाई उंबऱ्यावरच बसली, पाय लांब सोडून. तिला अजून मांडी घालता येत नाही. म्हणाली, दिवाळी झाली की नदीवर जायचं ठरलंय. सुमन नाही म्हणून थांबायचं नाही, उलट तिच्या नावानं जायचं. घाटावर तुझ्यासंगं पोहणाऱ्या सगळ्या बायका, अकराजणी. या खेपेला प्रत्येकीनं आपापली ड्राय बॅग घ्यायची, आणि कुठली घ्यायची ते सुमननं वहीत लिहून ठेवलंयच. तेव्हा ती यादी छापायची, वर तुझा फोटो, खाली माझ्या चार ओळी. "इंदूआक्का, तू लिहितीस की बरं. दे चार ओळी खरडून," म्हणाली आणि भिंतीला धरून उठली.

वही माझ्या मशीनच्या खणात होती. मी तिला म्हटलं, शोधावी लागंल.

मला चार ओळी जमेनात सुमे. जे लिहिते आहे ते तुलाच लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचावं.

दोन वर्षांपूर्वी तू पहिल्यांदा ड्राय बॅग हा शब्द घरात आणलास. मी विचारलं, म्हणजे काय? तू म्हणालीस, कोरडी पिशवी. मी म्हटलं, पिशवी कोरडीच असती की, आपण काय ओली पिशवी घेऊन बाजारात जातो व्हय? तू कपाळाला हात लावलास. पंचगंगेच्या घाटावरून रबरी होडीत बसून खाली शिरोळकडं, जिथं ती कृष्णेला मिळते तिथपर्यंत, दोन दिवसांची सहल. साठीच्या पुढच्या बायका.  तू मात्र फोन, गोळ्या, चष्मे कशात न्यायचे याचा अभ्यास काढून बसलीस. आयुष्यभर हायस्कुलात गणित शिकवलेली तू, पिशव्यांचीसुद्धा परीक्षा घेतलीस.

परड्यातला हौद म्हणजे परीक्षेचा हॉल. पिशवीत वर्तमानपत्राची घडी ठेवायची, तोंड गुंडाळून क्लिप लावायची, वर पाटा बांधून सकाळी बुडवायची आणि जेवायच्या आधी काढायची. मग तू पायरीवर बसून तो पेपर मोठ्यानं वाचायचीस. अक्षर फुटलं असेल तर मार्क कापायचीस. तोंडाच्या घड्या किती घालायच्या यावरून आपलं दोन दिवस वाजलं. तू म्हणालीस, तीन तरी पाहिजेत. मी म्हटलं तीन नको, ताटात कधी तीन चपात्या वाढतो का आपण? दोन घाल. तू म्हणालीस, दोन घड्यांत पाणी शिरतं, पाण्याला तुझ्या चपात्या ठाऊक न्हाईत. शेवटी चारवर मिटलं. गुंडाळून गुंडाळून पिशवी निम्मी झाली तरी आपल्या घरातली पिशवी चार घड्यांचीच.

हौदाचे मार्क तू पेन्सिलीनं लिहायचीस. नदीचे पेनानं. नदीवर जाऊन आल्याशिवाय पेन उघडायचं नाही असा तुझा नियम. आणि एकदा पेनानं दिलेले मार्क बदलायचे नाहीत, मग पोरगं रडू दे नाहीतर त्याचा बाप येऊ दे. शाळेतसुद्धा तुझी तीच ख्याती होती.

रफीकभाईच्या ताडपत्रीच्या दुकानातून आणलेली निळी पिशवी पहिली आली. पेन्सिलीनं नऊ. चेनची राखाडी पिशवी दुसरी, आठ. बाकीच्या दोन हौदातच गळल्या. रफीकभाई तुझा विद्यार्थी, त्यामुळं तुला नऊचा फार आनंद. दमयंतीबाईला फोन करून सांगितलंस, माझ्या पोरानं चांगला माल ठेवलाय.

आता पुढचं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तू डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेली होतीस. मोतीबिंदू पिकायचा होता, तोवर थेंब घालून दिवस काढायचे चालले होते. निळी पिशवी खाटेवर पडली होती. मी उचलून उलटी केली. तळाला बघितलं, बाजूला बघितलं. कुठं टीप म्हणून नाही. नुसतं कापडावर कापड गरम करून दाबलेलं. सुमे, मी चाळीस वर्षं मशीनवर बसले. ब्लाउज शिवले, दप्तरं शिवली, गादीच्या खोळी शिवल्या. सुईदोऱ्यानं धरलेलं नाही ते टिकतं हे माझ्या हाताला पटेच ना. चिकटवलेलं आज ना उद्या सुटणार. त्यात तुझा फोन, दमयंतीबाईच्या साखरेच्या गोळ्या. मी अठरा नंबरची सुई लावली. नायलॉनचं निळं रीळ काढलं, पिशवीच्या रंगाला इतकं जुळणारं की मला माझंच कौतुक वाटलं. तळाला गोल आणि बाजूनं वरपर्यंत टीप मारली. मग वाटलं, नदीचं काम आहे, एकेरीवर कशाला ठेवा. दुहेरी मारली.

तू आलीस, पिशवी भरलीस. निळ्यावर निळं, तुला दिसलं नाही. मी म्हटलं आता सांगितलं तर ओरडेल, परत आल्यावर सांगू, सुखरूप आलेली पिशवी दाखवूनच सांगू.

एका टीपेला किती भोकं पडतात, हे मी कधी मोजलं नव्हतं. ब्लाउजला मोजायचं कारण नसतं.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी बंधाऱ्यापाशी होडी वर काढून पलीकडं न्यायची होती. कडेला येताना होडी दगडाला लागून कलंडली. पाणी कमरेएवढं, जिवाला धोका नव्हता, तूच सांगितलंस. पण पिशवी बराच वेळ पाण्यात राहिली आणि दमयंतीबाई शेवाळावरून घसरली ती उठलीच नाही. पाय मोडला होता. फोन करायला पिशवी उघडली तर आत बोटभर पाणी. सगळ्यांचे फोन त्यात, एक चालू होईना. गोळ्यांचं पीठ झालेलं. मग तू ओल्या अंगानं उसातून वाट काढत गेलीस, रस्ता सापडला, ट्रॅक्टर सापडला, तो यायला दोन तास गेले. ते दोन तास दमयंतीबाई दगडावर उन्हात पडून होती. ती कण्हत होती ते तू मला एकदाच सांगितलंस आणि परत त्याबद्दल बोलली नाहीस.

घरी आल्यावर तू पिशवीत पाणी भरलंस आणि परड्यातल्या खुंटीला टांगलीस. थेंब आले. एका ओळीत, सारख्या अंतरावर, माझा हात जसा चालतो तसे. तू बोट फिरवलंस. मला हाक मारलीस.

"वैनी, ही टीप कुणाची?"

कसली असंही विचारलं नाहीस, कुठली असंही नाही. मी मशीनकडं बघितलं. मग म्हटलं, "कंपनीची असंल. मशीनची हाय."

मशीनची हाय हे खरं होतं. तेवढं खरं बोलून मी उरलेलं गिळलं.

तू माझ्यावर विश्वास ठेवलास. आत जाऊन पेन उघडलंस. लाल शाईनं लिहिलंस, नापास. खाली लिहिलंस, टीप: शिवलेली आहे, घेऊ नये. वहीतला तो शब्द मी दोनदा वाचला. तुझी टीप वेगळी, माझी वेगळी, शब्द एकच.

दुकानात मला बरोबर नेलंस. मी पायरीवर थांबले. गिऱ्हाइकं होती. रफीकभाई हात जोडून सांगत होता, बाई, ही पिशवी शिवून येतच नाही, चिकटवलेली असते. तुझा आवाज चढला. वर्गात चढायचा तसा. "माझी वैनी चाळीस वर्सं मशीनवर हाय. इचार तिला. शिवलेला माल वॉटरप्रूफ म्हणून विकतोस आणि वर खोटं बोलतोस?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी दोरखंडाच्या गुंडाळ्यांकडं बघत होते. तो आणखी काही बोलला नाही. जुनी पिशवी ठेवून घेतली, नवी कोरी दिली. ती तू उघडलीसुद्धा नाहीस, माळ्यावर टाकलीस. वहीत त्यानंतर एक अक्षर नाही.

दोन वर्षं सुमे. मी बोलायला आले नाही असं नाही. संक्रांतीला तीळ भाजताना आले होते. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रिक्षात आले होते. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तर मी पक्कं ठरवून आले होते, वाटेत शब्द घोकत. तू झोपली होतीस म्हणून राहिलं असं मी लोकांना सांगितलं असतं. तू जागी होतीस. मोसंबी सोलून दे म्हणालीस, मी सोलत बसले.

तुला गप्पा मारायला कुणीतरी लागायचं म्हणून मी बोलायची असं सगळे समजतात. उलटं होतं. बडबड माझी, घर तुझ्या ऐकण्यावर चालायचं. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला तू रोज पेपरातला एक अग्रलेख मोठ्यानं वाचायला लावलास, चुकलं की टेबलावर बोट आपटलंस. मी आज हे लिहू शकते ते त्या बोटामुळं. आणि तेच बोट त्या टीपेवरून फिरलं होतं.

दमयंतीबाई गेल्यावर मी वही काढून बसले. निळी नापास, म्हणजे यादीत आता पहिली राहिली ती चेनची राखाडी. पेन्सिलीचे आठ. छापल्यावर पेन्सिल कुणाला दिसणार? अकराजणी तीच घेणार. मी माळ्यावरून दोन्ही पिशव्या काढल्या, राखाडी आणि रफीकभाईनं दिलेली नवी निळी. तुझ्या पद्धतीनं पेपर घातला, पाटा बांधला, हौदात सोडल्या. जेवायच्या आधी काढल्या. राखाडीच्या चेनच्या दोन्ही टोकांची पट्टी सुटली होती, आतल्या पेपरचा लगदा. निळीतला पेपर खडखडीत. मी पायरीवर बसून वाचला, सगळा, जाहिरातींसकट.

मग साडी बदलून दमयंतीबाईकडं गेले.

सगळं सांगितलं.  तिची सून चहा ठेवायला उठली तर दमयंतीबाईनं तिला हातानं बसवलं. माझं सांगून झाल्यावर तिनं लांब सोडलेला पाय हातानं जवळ ओढला. मग म्हणाली, "दोन वर्सं माझ्या दारात येऊन पाय कसा हाय म्हणून इचारत हुतीस तू."

मी म्हटलं, व्हय.

"सुमनला ठाऊक हुतं?"

"न्हाय."

"मग तिच्या तोंडानं त्या पोराला खोटारडा ठरवलंस ते तरी जाऊन पुसून टाक. कागदावर न्हाय. दुकानात, चार लोकांत. मी येणार बघायला."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गेलो. दमयंतीबाई दोन पायऱ्या चढायला किती वेळ लावते ते मी खाली उभी राहून बघत होते. दुकानात गुऱ्हाळासाठी ताडपत्री घ्यायला आलेले दोघे होते. मी त्यांच्यापुढंच बोलले. रफीकभाई, बाईंचं चुकलं नाही आणि तुमचंही नाही, ती टीप मी मारली होती आणि बाईंशी मी खोटं बोलले.  ते दोघे पावणं एकमेकांकडं बघायला लागले. रफीकभाईनं हातातली ताडपत्री आधी नीट घडी केली, मग स्टूल पुढं सरकवलं.

"मावशी, मला त्याच दिवशी कळलं हुतं. ते निळं रीळ माझ्याच दुकानातलं. तुमच्याशिवाय कोण नेत न्हाय ते."

मग बोलला का नाहीत, मी विचारलं.

"बाई म्होरं, तुम्ही पायरीवर. काय बोलू? तुम्ही बोलाल म्हणून वाट बघितली." मग त्यानं दमयंतीबाईकडं बघितलं, परत माझ्याकडं. "आणि बाईंना बी कळलं हुतं की. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर आलत्या. एकट्याच. दुकानातली एकूण एक निळी पिशवी उलटी करून बघितली. मग म्हणाल्या, माझी जुनी दाखव. मी ठेवली हुती. तिच्यावर बोट फिरवत बसल्या."

तू त्याला म्हणालीस म्हणे, रफीक, मी तुला नको ते बोलले. म्हणशील तिथं उभी राहून चूक झाली म्हणते, फक्त वैनीचं नाव निघायला नको. तो म्हणाला, बाई, मग टीप कुणी मारली असं लोक विचारतील की. तू जुन्या पिशवीची घडी घातलीस. मग त्यानंच तुला म्हटलं, ऱ्हाऊ दे बाई, माझं काय अडत न्हाय. तू त्याच्या डोक्यावर हात ठेवलास आणि निघालीस.

त्याचं अडलं होतं सुमे. ते दोघे गिऱ्हाईक गेल्यावर तो सहज म्हणाला, घाटावरच्या बायका त्यानंतर त्याच्या दुकानात फिरकल्या नाहीत. दमयंतीबाईनं मान खाली घातली.

वाटेत दमयंतीबाई म्हणाली, तरीच गेल्या वर्षी तिनं बरणी आणली. मला माहीत नव्हतं. गेल्या खेपेला म्हणे तू फोन आणि गोळ्या लोणच्याच्या रुंद तोंडाच्या बरणीत घालून नेल्यास, झाकणाला रबर लावून. सगळ्या हसल्या. बाई, नदीला लोणचं वाढायला चालला काय? तू पण हसलीस आणि बरणी मांडीवर धरून बसलीस. निळी चांगली म्हणावं तर माझं पितळ उघडं पडणार, राखाडीवर तुझा भरवसा नाही. म्हणून गणिताची बाई बरणी घेऊन दोन दिवस होडीत बसली.

मला याचा राग येतो. मी तो राग कुठं ठेवू? तू मला सांभाळलंस, आणि ते सांभाळणं त्या रफीकभाईच्या जिवावर केलंस. माझ्यासाठी तू आयुष्यात पहिल्यांदा चुकीचा मार्क तसाच राहू दिलास. हे तुझ्याकडून मला नको होतं. आणि हे दुसरं कुणी माझ्यासाठी केलंही नसतं.

तर दमयंतीबाई, यादी छापू नका. त्या जागी हे छापा, चार ओळींपेक्षा जास्त झालंय त्याला इलाज नाही. पिशवी घ्यायची ती न शिवलेली घ्या. उलटी करून आतून बघा, कुठं सुईचं भोक दिसलं तर ठेवून द्या. चेनच्या भरवशावर नदीत जाऊ नका. तोंडाला तीनच्या खाली घड्या घालू नका. घरातल्या हौदात बुडवून बघितल्याशिवाय कुणाच्या शब्दावर जाऊ नका, आमच्या दोघींच्यासुद्धा. आणि घरात कुणी शिवणारी असेल तर पिशवी तिच्या हाताला लागू देऊ नका. ती प्रेमानंच भोकं पाडेल.

दमयंतीबाई माझ्याशी अजून नीट बोलत नाही. बोलावं असं मी म्हणत नाही.

सुमे, एक दिवस मला राहून राहून आठवतो. तुझा नवा चष्मा आला होता. म्हणजे तू रफीकभाईकडं जाऊन आली होतीस त्याच्या पुढचेच दिवस असणार, आता हिशेब लागतो. मी कुणाच्या तरी ब्लाउजला बाही लावत होते. तू माडीवरून खाली आलीस, मशीनपाशी स्टूल ओढून बसलीस. कधी बसायची नाहीस, तुला त्या आवाजाचा त्रास व्हायचा. माझ्या हातातली बाही घेऊन उजेडात धरलीस. म्हणालीस, "किती बारीक टीप घालतीस गं वैनी. आता दिसाय लागलंय मला."

मी म्हटलं, डॉक्टर चांगला भेटला.

तू बाही परत माझ्या हातात दिलीस. मी मशीन चालू केली. तू उठली नाहीस, बसून राहिलीस, बाही पुरी होईपर्यंत. मग दुसरी बाही मी घेतली, तीही पुरी होईपर्यंत.